दोन लाख दहा हजारांवर थांबायला हवं होतं



मी बडोद्याचा. सयाजीराव महाराजांच्या काळात पणजोबा नोकरीसाठी तिथे गेले आणि आम्ही तिथलेच झालो. व्यवसायाने मी हिशेब तपासनीस आहे. दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका शोधायच्या आणि त्याचे पैसे घ्यायचे, असं गेली तीस वर्षं चाललंय. आज मात्र माझ्या स्वतःच्या एका हिशेबाबद्दल बोलणार आहे. त्यातली चूक शोधायला मला सतरा महिने आणि चार लाख सदतीस हजार रुपये लागले.

मला हल्ली बरेच फोन येतात. कुणी नागपूरहून, कुणी इंदूरहून, कुणी बेळगावहून. प्रश्न एकच असतो. ‘वडिलांची जुनी गाडी दारात उभी आहे. फार नावाजलेली नाही. नीट करून घेऊ का? परवडेल का?’ या प्रश्नाला लोकांना एका शब्दाचं उत्तर हवं असतं. ते मी देतो, पण शेवटी देतो.

आधी माझी गाडी सांगतो. प्रीमियर ११८ एनई. इथे किती जणांना आठवते? हात वर करा. बघा, मोजून सात हात. आणि पद्मिनी किती जणांना आठवते? सगळा हॉल. माझा मुद्दा निम्मा इथेच संपला.

दोन्ही गाड्या एकाच घरच्या. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली, कारखाना मुंबईत कुर्ल्याला. तिथेच फियाट ११०० बनली आणि पुढे तिचीच पद्मिनी झाली. पद्मिनी टॅक्सी झाली, सिनेमात गेली, लग्नाच्या वरातीत गेली. मुंबईतल्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेल्या, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यावर रकाने लिहिले. ११८ एनई गेली तेव्हा कुणी दोन ओळीही लिहिल्या नाहीत.

कारण सरळ आहे. गाडी वाईट नव्हती, पण वेळ चुकली. मूळ गाडी फियाट १२४. ती १९६६ मध्ये इटलीत आली आणि १९६७ ची युरोपातली ‘कार ऑफ द इयर’ ठरली. रशियाने त्याच गाडीवरून आपली झिगुली केली, स्पेनमध्ये सिआट कंपनीने ती बनवली. स्पेनने १९८० मध्ये बनवणं थांबवलं आणि आपल्याकडे ती १९८५ मध्ये आली, बॉनेटखाली निसानचं ११७१ सीसीचं इंजिन घालून. एनई म्हणजे निसान इंजिन. त्या घराण्याचं इंजिन डॅटसन १२०० मध्ये १९७० सालापासून होतं. म्हणजे साठीतला सांगाडा, सत्तरीतलं इंजिन, आणि विकायला आली ऐंशीच्या दशकात, मारुती ८०० रस्त्यावर धावायला लागून दीड-दोन वर्षं झाल्यावर. चौकोनी तोंड, चौकोनी दिवे. ना पद्मिनीसारखी गोड, ना काँटेसासारखी रुबाबदार.

बाबांनी ती १९८९ मध्ये घेतली. का घेतली, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, ‘मागे तीन माणसं नीट बसत होती. तू, दादा आणि आजी.’ बस, एवढंच कारण.

२०१२ मध्ये बाबांनी गाडी चालवणं सोडलं. गाडी सोसायटीत कव्हर घालून उभी राहिली. महिन्यातून एकदा मी चालू करायचो, मग दोन महिन्यांतून, मग नाहीच. २०१९ च्या जुलैअखेर बडोद्यात एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस पडला. गाडीत सीटच्या वरपर्यंत पाणी गेलं. पाणी ओसरल्यावर दार उघडलं तर आत गाळ, आणि त्या गाळात बाबांचा एक जुना चष्मा.

भंगारवाल्याने बावीस हजार सांगितले. दादा पुण्याला असतो. त्याला फोन केला. तो म्हणाला, ‘देऊन टाक.’ मी म्हटलं, मला नीट करायची आहे. तो म्हणाला, ‘मग माझे अकरा हजार पाठव आणि पुढे मला फोन करून रडू नकोस.’ मी अकरा हजार पाठवले. रडायचं मात्र राहिलं नाही.

आता आकडे सांगतो. व्यवसायच तो आहे, त्यामुळे एकूण एक बिल माझ्याकडे आहे.

पत्र्याचं काम आणि वेल्डिंग, एक लाख पंधरा हजार. रंग, नव्वद हजार. इंजिन, अडुसष्ट हजार. ब्रेक, सस्पेन्शन, स्टिअरिंग, चोपन्न हजार. वायरिंग, बावीस हजार. सीटा आणि आतलं छत, छत्तीस हजार. काचा, रबर बीडिंग, मुठी, पट्ट्या, एकतीस हजार. कागदपत्रं, टोइंग, माझ्या खेपा, एकवीस हजार. एकूण चार लाख सदतीस हजार. सुरुवातीचा अंदाज होता एक लाख ऐंशी हजार.

गाडी तयार झाल्यावर तिला आलेली सगळ्यात चांगली मागणी होती एक लाख साठ हजार. म्हणजे दोन लाख सत्त्याहत्तर हजारांचा सरळ तोटा. माझे स्वतःचे सतरा महिन्यांतले रविवार यात धरलेले नाहीत.

इथे एक गोष्ट समजून घ्या, कारण ती मला फार उशिरा कळली. मला वाटायचं, गाडी कमी मोलाची आहे, तर तिचं कामही कमी पैशात होईल. होतं बरोबर उलटं. रंगवाला गाडीचं नाव बघून रंग लावत नाही. लिटर तेवढेच, मजुरी तेवढीच. वेल्डिंगच्या सळईला पद्मिनी काय आणि एनई काय. आणि सुट्या भागांत तर नावडती गाडी आवडतीपेक्षा महाग पडते. आवडत्या गाडीचे मालक पुष्कळ असतात, म्हणून कुणीतरी तिचं बीडिंग, दिव्याच्या रिंगा, बंपर नव्याने बनवून विकतो. नावडतीचं गिऱ्हाईकच नाही, तर बनवणार कोण? मग तुम्ही एक मूठ घेऊन गावभर हिंडता. शेवटी एखादा लेथवाला तुमची कीव करून ती घडवून देतो आणि एका नगाचे दहा नगांइतके पैसे घेतो.

माझ्या गाडीत इंजिन अडुसष्ट हजारांत झालं, कारण निसानचं हे इंजिन जगभर चाललेलं होतं. रिंगा, बेअरिंगं, गॅस्केट थोडं शोधल्यावर मिळत होतं. पुढच्या काचेच्या एका रबरासाठी मात्र मी चार महिने थांबलो. लोक नेहमी विचारतात, ‘इंजिन चालू आहे ना?’ इंजिन हा सोपा भाग आहे हो. जुनी गाडी मरते ती पत्र्याने, काचेने आणि रबराने.

आता माझी चूक कुठे झाली ते सांगतो.

काम सुरू होऊन दहा महिने झाले तेव्हा गाडी चालती झाली होती. इंजिन झालेलं, ब्रेक झालेले, वायरिंग नवीन, फ्लोअरचा आणि उंबऱ्याचा सडलेला पत्रा बदललेला. रंग नव्हता. दारं निळी, एक मडगार्ड राखाडी, सीटांवर गोणपाट. बिलं तेव्हा जोडली असती तर आकडा दिसला असता. इंजिन, ब्रेक, वायरिंग, कागदपत्रं आणि पत्र्याचं जे काम सुरक्षिततेसाठी लागतंच ते पंचेचाळीस हजारांचं, असं सगळं धरून दोन लाख दहा हजार.

मी तिला घरी आणली. बाबा खाली आले. गाडीभोवती एक चक्कर मारली, आत बसले, क्लच दाबून पाहिला, गिअर टाकून पाहिले. म्हणाले, ‘झाली की.’ मी म्हटलं, ‘बाबा, अजून रंग राहिलाय, सीटा राहिल्यात.’ ते म्हणाले, ‘चालते ना? मग आणखी काय व्हायचंय तिला?’

मी ऐकलं नाही. मला ती १९८९ च्या दिवाळीत शोरूममधून निघाली होती तशी दिसायला हवी होती. म्हणून पुढच्या सात महिन्यांत आणखी दोन लाख सत्तावीस हजार घातले. हे पैसे आले कुठून? स्वयंपाकघराचा ओटा बदलायला बाजूला काढले होते, त्यातून. बायकोला मी निम्माच आकडा सांगितला होता. एक दिवस रंगाचं बिल तिच्या हाती लागलं. ती भांडली नाही. म्हणाली, ‘तुम्ही लोकांच्या हिशेबात हेच पकडता ना?’ आठ दिवस घरात अबोला होता. तो ओटा अजून तसाच आहे, कडेला फुटलेला. रोज सकाळी चहा करताना मला तो दिसतो.

त्या दुसऱ्या भागाचा हिशेब बघा. न रंगवलेल्या पण चालत्या गाडीला एकाने लाखभर देऊ केले होते. सगळं केल्यावर मागणी आली एक लाख साठ हजारांची. म्हणजे देखणेपणावर दोन लाख सत्तावीस हजार घालून किंमत वाढली फक्त साठ हजारांनी. पहिल्या भागातही तोटा होता, एक लाख दहा हजारांचा. पण त्या तोट्यातून मला एक चालणारी गाडी मिळाली होती. दुसऱ्या तोट्यातून काय मिळालं? ओरखडा पडेल म्हणून बाजारात न्यायला भीती वाटते अशी गाडी. पहिलं वर्षभर मी तिला कव्हर घालूनच ठेवली. म्हणजे २०१२ नंतर होती तशीच!

म्हणून आता माझ्याकडे जो कुणी फोन करतो त्याला मी कागद घ्यायला सांगतो. कागदाच्या मधोमध रेघ. डावीकडे ‘चालती’, उजवीकडे ‘देखणी’. प्रत्येक काम कुठल्यातरी एकाच बाजूला लिहायचं. ब्रेक डावीकडे. क्रोमची पट्टी उजवीकडे. सडलेला फ्लोअर डावीकडे, कारण पाय खाली जाईल. दारावरचा पोचा उजवीकडे. आधी फक्त डावी बाजू करायची. मग वर्षभर गाडी चालवायची. वर्षात हजार किलोमीटरसुद्धा झाले नाहीत, तर उजवी बाजू फाडून टाकायची.

आणि डाव्या बाजूला हात घालण्याआधी चार गोष्टी तपासायच्या.

पहिली, कागदपत्रं. गाडीचं नोंदणीपत्र कुणाच्या नावावर आहे, मुदत कधी संपली, वारसांच्या सह्या मिळतील का. चासी नंबर पत्र्यावर ठोकलेला असतो, त्याचा स्पष्ट फोटो काढून ठेवा आणि वेल्डिंगवाल्याला सांगा, इथे हात लावायचा नाही. तो तुकडा कापला गेला तर गाडी कागदावर मेली. नूतनीकरणाचा खर्चही धरा. खासगी मोटारीचं शुल्क आधी ६०० रुपये होतं, १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झालं आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना १०,००० झालं. ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळेल या आशेवर राहू नका. २०२१ च्या नियमाप्रमाणे त्याला गाडी पन्नास वर्षांहून जुनी लागते. माझी ८९ ची गाडी तिथे पोचेपर्यंत २०३९ उजाडेल. शिवाय ती नोंदणी घेतली की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. तुम्ही दिल्लीच्या बाजूला राहत असाल, तर पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाडीला तिथे काय नियम लागू आहे, ते आज, या आठवड्यात विचारा. गेल्या वर्षीचं ऐकून पैसे घालू नका.

दुसरी, लोहचुंबक. फ्रिजवर लावतो तो चालेल, मऊ फडक्यात गुंडाळून. उंबरे, चाकांवरच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा, डिकीचा तळ, सगळीकडे फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी भरलेली आहे. आणि गालिचा उचलून फ्लोअर बघा. माझ्या गाडीत गालिच्याखाली हात घातला तर बोटं जमिनीला लागली. सांगाडाच असा गेला असेल, तर तिथेच थांबा.

तिसरी, काचा आणि रबर. काय नाही ते आधी लिहा आणि ते मिळतं का ते शोधा. मिळाल्यावर मग इंजिनाचा पहिला नट खोला. आमच्याकडे उलटं करतात. गाडी खोलून ठेवतात, मग शोध सुरू. खोललेल्या गाडीची किंमत भंगाराहून कमी असते.

चौथी, पेट्रोलच्या नळ्या. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुनं रबर ते सोसत नाही, फुगतं, चिरतं. नळ्या, पंपाचा पडदा, कार्बोरेटरची पॅकिंग, सगळं नव्या प्रतीचं घाला. हे काही हजारांचं काम आहे. ते टाळलं तर गाडी पेटू शकते.

या चार गोष्टींत नापास झालेल्या गाडीचं काय करायचं? दोन वर्षांपूर्वी हैदराबादहून एका मराठी गृहस्थांचा फोन आला. त्यांच्या काकांची स्टँडर्ड २०००. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९८५ मध्ये काढलेली, अंगाने रोव्हर एसडी१, दिसायला सुरेख, पण आत जुन्या व्हॅनगार्डच्या वंशाचं इंजिन. महाग होती, चालली नाही, १९८८ पर्यंत बंदही झाली. त्यांच्या गाडीचा तळ गेलेला, पुढची काच फुटलेली. त्यांचे काका वारले होते आणि त्यांना ती त्यांच्यासाठी करायची होती. मी त्यांना नको म्हणालो. सांगताना मला वाईट वाटलं, त्यांनाही आवडलं नाही. त्यांनी दुसऱ्या एका मालकाला ती सुट्या भागांसाठी दिली. सहा महिन्यांनी त्यांनी मला एक व्हिडिओ पाठवला. त्यांच्या काकांच्या गाडीची दारं आणि गिअरबॉक्स घेऊन दुसरी स्टँडर्ड चालत होती. नावडत्या गाड्या अशाच टिकतात, एक दुसरीत जाऊन. ते काही कमी नाही.

आता कुणी म्हणेल, ही गाडी धूर ओकते, ती ठेवायचीच कशाला? खरं आहे. माझ्या गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही. म्हणून मी ती कामावर नेत नाही. वर्षाला दीड हजार किलोमीटर चालवतो आणि तेवढंच योग्य समजतो.

शेवटची गोष्ट. ऑगस्ट २०२४. विश्वामित्री पुन्हा फुगली. आजव्याचं पाणी सोडल्याची बातमी आली तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते. बायको पुण्याला दादाकडे. घरी मी आणि चौऱ्याऐंशी वर्षांचे बाबा. खाली दोन गाड्या, एक तीन वर्षांची नवी आणि एक ही. उड्डाणपूल दीड किलोमीटरवर. एक गाडी नेऊन पायी परत यायचं, मग दुसरी न्यायची. आधी कुठली?

मी किल्ल्यांच्या खुंटीपाशी उभा राहिलो. नव्या गाडीचा पूर्ण विमा होता. हिचा फक्त तृतीय पक्ष विमा, म्हणजे ही बुडाली तर मला एक रुपया मिळणार नव्हता. आणि पैसे मिळाले असते तरी त्या पैशांत अशी दुसरी गाडी कुठे विकत मिळते? बाबा मागून म्हणाले, ‘जुनीची घे. नवीचे पैसे येतील.’

चोक ओढला. दुसऱ्या फिरकीत लागली. सोसायटीच्या फाटकाशी घोट्याएवढं पाणी होतं. पुलावर नेऊन उभी केली आणि चालत परत आलो, तर गुडघ्याएवढं. नवी गाडी निघाली नाही. विमा मिळाला, कापून मिळाला, पण मिळाला.

त्या रात्री ती वाचली ती चालत होती म्हणून. रंगाचा त्यात काही संबंध नव्हता. पुलावर पाऊस, धूळ, शेजारच्या टेम्पोचा घासलेला कोपरा, असं सगळं होऊन दोन दिवसांनी मी तिला परत आणली तेव्हा डाव्या दारावर वीतभर ओरखडा होता. नव्वद हजारांच्या रंगावर. मी तो तसाच ठेवलाय. त्या दिवसापासून मला तिला बाजारात न्यायची भीती वाटत नाही.

तर सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर. परवडतं का? नाही. विकायच्या हिशेबाने नावडती गाडी नीट करणं कधीच परवडत नाही, आणि ‘पुढे भाव येईल’ असं सांगून कुणी तुम्हाला भरीला घालत असेल तर त्याला त्याचे पैसे घालायला सांगा. पण तुम्हाला ती चालवायची असेल, सांगाडा शाबूत असेल, आणि बुडाले तर घरात कुणाचा ओटा फुटणार नाही एवढेच पैसे असतील, तर डावी बाजू करा. आणि घरच्यांना पूर्ण आकडा आधी सांगा.

पुढच्या महिन्यात आमच्या ओट्याचं काम सुरू होतंय. दगड बायकोने निवडलाय. अंदाज दीड लाखाचा आहे. बिलं ती ठेवणार आहे.